मण्यारीपासून माणसापर्यंत

जुलै १९९५. दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटच्या तंदूरमध्ये एका तरुणीचा जळालेला मृतदेह सापडला आणि सारा देश हादरला. ही तरुणी नक्की कोण, याचा न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा होता. तो हैदराबादहून आला. तिच्या आईवडिलांच्या रक्तातला डीएनए मृतदेहातल्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा ती त्यांचीच मुलगी असल्याचे सिद्ध झाले.

हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी म्हणजेच ‘सीसीएमबी’ या संस्थेत ही विद्या रुजवली डॉ. लालजी सिंह यांनी. नवलाची गोष्ट म्हणजे तिची मुळे होती सापांच्या अभ्यासात!

खेड्यातून एडिंबराला

५ जुलै १९४७ रोजी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातील कलवारी या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात लालजींचा जन्म झाला. शाळेसाठी त्यांना मैलोन् मैल पायपीट करावी लागे. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी पीएच.डी.साठी सापांची गुणसूत्रे हा विषय घेतला. पिल्लू नर होणार की मादी, हे कशावरून ठरते, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

१९७४ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात गेले. तिथे पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमध्ये त्यांना एक छोटा तुकडा आढळला. चारच अक्षरांचा एक शब्द कुणी पुन:पुन्हा गिरवावा, तशी त्याची रचना होती. ‘बीकेएम’ नावाचा हा तुकडा सापाच्या मादीला मादीपण देणाऱ्या गुणसूत्रावर दाटीने होता. मग इतर प्राणी तपासले, तर उंदरात आणि माणसातही तशीच रचना सापडली.

पट्ट्यांची भाषा

ही पुनरावृत्ती किती वेळा होते, हे प्रत्येक माणसात वेगळे असते. म्हणूनच ‘बीकेएम’च्या साहाय्याने प्रत्येकाच्या डीएनएचा पट्ट्यापट्ट्यांचा नमुना मिळवता येतो. मुलाच्या नमुन्यातले निम्मे पट्टे आईकडून येतात, उरलेले वडिलांकडून.

इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांची पद्धत शोधली होती. १९८७ मध्ये मायदेशी परतलेल्या लालजींनी मण्यारीच्या त्या तुकड्यावरून भारताची स्वत:ची पद्धत उभी केली. १९८९ मध्ये केरळातल्या तेल्लीचेरी न्यायालयात एक स्त्री आपल्या मुलासाठी पोटगी मागत होती. संबंधित पुरुष पितृत्व नाकारत होता. लालजींच्या अहवालाने मुलाला त्याचा बाप मिळवून दिला आणि पुढे उच्च न्यायालयानेही तो पुरावा ग्राह्य धरला.

नात्यागोत्यांचा हिशेब

१९९८ ते २००९ या काळात लालजी सीसीएमबीचे संचालक होते. माणसामाणसांतील फरक ओळखणारी ही नजर त्यांनी आता समाजांकडे वळवली. २००९ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतील डेव्हिड राइख यांच्यासह सहकाऱ्यांनी २५ समाजगटांतील १३२ व्यक्तींच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. जवळजवळ सर्वच गट दोन प्राचीन वंशधारांच्या मिश्रणातून घडल्याचे त्यात दिसले. ‘शुद्ध रक्ता’चा अभिमान इथेच निकालात निघाला.

दुसरा निष्कर्ष प्रत्येक घराने ध्यानात घ्यावा असा आहे. अनेक गट मूळच्या थोड्याच पूर्वजांपासून वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने करत राहिले. त्यामुळे त्या पूर्वजातला एखादा जनुकदोष गटात अनेकांकडे येतो. पती आणि पत्नी दोघेही तोच दोष वाहत असतील, तर ते स्वत: निरोगी असूनही प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण डॉक्टरांना ठाऊक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे एक औषध त्यांच्यातील काहींना सोसत नाही, म्हणून भूल देण्यापूर्वीच जपावे लागते.

गावाकडे परत

असे आजार गरिबांच्याही वेळीच लक्षात यावेत, म्हणून लालजींनी ‘जीनोम फाउंडेशन’ स्थापन केले आणि कलवारीतही केंद्र उघडले. २०११ ते २०१४ या काळात बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी वेतन घेतले अवघा एक रुपया. १० डिसेंबर २०१७ रोजी वाराणसीतच त्यांचे निधन झाले.

लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका हौसेने जुळवल्या जातात. घरात एखादा आनुवंशिक आजार असेल, तर त्याबरोबर डॉक्टरांचा सल्ला आणि रक्ताची तपासणीही करून घ्यायला काय हरकत आहे?