आपला मूळपुरुष कोण?

दोस्तांनो, पणजोबांचं नाव सांगता येईल? आणि त्यांच्या आजोबांचं? अडलात ना! दीडशे वर्षांपूर्वी तुमच्या गावात पहिल्यांदा येऊन राहिलेला तो मूळपुरुष शोधायचा कसा?

पहिला धागा आडनावाचा. पाथरीकर, जिंतूरकर, गंगाखेडकर ही नावं पाहा. पाथरीतच राहणाऱ्याला पाथरीकर कोण म्हणणार? गाव सोडून गेलेल्यालाच नव्या गावी ते नाव चिकटतं!

दुसरा धागा त्र्यंबकेश्वर-नाशिकचा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कितीतरी पिढ्यांची नावं असतात. जुनी पानं मोडी लिपीत.

तिसरा धागा सरकारी दप्तराचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून जुने कागद उर्दूतही सापडतात. वाचायला जाणकार गाठावा लागतो.

पण एक गंमत बघा, वंशावळीत बहुतेक नावं पुरुषांचीच! पणजीचं नाव काय, तिचं माहेर कुठलं, हे बहुधा आजीलाच ठाऊक असतं. कागद पुढच्या सुट्टीतही शोधता येतील. आजीला मात्र आजच विचारा, नि वहीत लिहून ठेवा!