माहिती चौकट : ५०० चौरस फुटांची करमाफी

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत (४६.४५ चौ. मी.) चटईक्षेत्राच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे. २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर वगळला होता. बिलातले मलनिस्सारण लाभ कर, शिक्षण उपकर, पथकर, वृक्ष उपकर भरावेच लागत.

दुसरी बाजू : १ जुलै २०१७ रोजी महापालिकेची जकात गेली. त्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देते. पण महापालिकेने स्वतः वसूल करायच्या मोठ्या करांत मालमत्ता कर उरला. रस्ते, शाळा, रुग्णालये, कचरा उचलणे यांचा खर्च मात्र घरांच्या आकारावर ठरत नाही. माफीची तूट मोठी घरे, दुकाने, कार्यालये किंवा राज्याची तिजोरी यांपैकी कुणाला तरी भरावीच लागते.