सुषिरवाद्य वादकांच्या दातांची इजा आणि मुखाचे पुनर्वसन

प्रस्तावना :

भारतीय संगीतशास्त्रात तत, अवनद्ध, घन व सुषिर असे वाद्यांचे चार प्रकार मानले आहेत. यांपैकी सुषिर म्हणजे फुंकून वाजवावयाच्या वाद्यांत वादकाचे मुख हा वाद्याचाच एक भाग बनतो. समोरचा दात गमावणे ही सर्वसामान्य व्यक्तीच्या दृष्टीने दिसण्याची व चावण्याची अडचण असते. वादकासाठी मात्र तो उपजीविकेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

दात आणि नादनिर्मिती :

स्ट्रेयर यांनी १९३९ मध्ये या वाद्यांचे मुखाशी येणाऱ्या संबंधानुसार चार गट केले. ट्रम्पेटमध्ये ओठ स्वतःच कंप पावतात आणि समोरचे दात त्यांना मागून आधार देतात. क्लॅरिनेट या एका पत्तीच्या वाद्यात वरचे दात मुखनळीवर टेकतात, तर खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडलेला असतो. ओबो हे दुहेरी पत्तीचे वाद्य असून आपली सनईही याच गटात मोडते. बासरीत दातांचा प्रत्यक्ष स्पर्श नसतो. म्हणूनच एकच इजा निरनिराळ्या वादकांना निरनिराळ्या प्रमाणात बाधते.

एक उदाहरण :

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक चेट बेकर यांना १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मारहाण झाली व त्यांच्या दातांना इजा पोहोचली. पुढे कृत्रिम दंतपंक्ती बसवावी लागली आणि ओठांची ठेवण नव्याने शिकावी लागली. १९७४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जेरी मलिगन यांच्यासमवेत वादन केले. दात बसविल्याने पुनर्वसन संपत नाही, तेथून ते सुरू होते, हे यावरून स्पष्ट होते.

पुनर्वसनाचे उपाय :

कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो वरच्या भागाने धरावा, मूळ घासू नये. शक्य असल्यास तो लगेच जागेवर बसवावा, अन्यथा दुधात ठेवून तातडीने दंतवैद्याकडे जावे. दात वाचला नाही, तर काढता येणारी कवळी हा एक पर्याय असतो. परंतु फुंकेच्या व मुखनळीच्या दाबाने ती हलण्याचा संभव असतो. जबड्याच्या हाडात रोवलेले दात अधिक स्थिर राहतात. मात्र नैसर्गिक दाताच्या मुळाभोवतीचे तंतू तेथे नसल्याने स्पर्शाची जाणीव कमी असते व वादकाला सरावाने जुळवून घ्यावे लागते. नव्या दाताची लांबी वा कल किंचित बदलला, तरी स्वर बदलू शकतो. त्यामुळे अंतिम दात बसविण्यापूर्वी तात्पुरते दात लावून, प्रत्यक्ष वाद्य वाजवून पाहणे आवश्यक ठरते.

समारोप :

दाताचा मूळ आकार इजेनंतर केवळ स्मरणाने सांगता येत नाही. यासाठी वादकाने दात निरोगी असतानाच त्यांचा प्लास्टरचा ठसा किंवा संगणकीय प्रतिमा जपून ठेवावी. संगीत विभाग असलेल्या महाविद्यालयांनी जवळच्या दंत महाविद्यालयाच्या सहकार्याने विद्यार्थ्यांसाठी अशी नोंद करून ठेवणे अवघड नाही. वाद्याची निगा शिकविताना मुखाची निगाही शिकविली जावी. वाद्य मोडल्यास दुसरे घेता येते. दाताचा मूळ घाट मात्र नोंद नसल्यास परत मिळविणे कठीण असते.