जिन्याजिन्यावर चालणारं काम

मुंबईतल्या नागरिक समित्यांनी कचऱ्याचं काम कसं पुढे नेलं हे सांगायचं तर सुरुवात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनपासून करावी लागते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात या गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपला परिसर स्वच्छ ठेवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. महापालिकेने तो प्रयोग उचलून धरला आणि 1997 मध्ये ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना शहरभर आणली. तिच्या इंग्रजी नावावरून (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) तिला सगळे एएलएम म्हणूनच ओळखतात. एका गल्लीतल्या रहिवाशांनी समिती करायची, वॉर्ड ऑफिसात नाव नोंदवायचं, ओला-सुका वेगळा करायचा आणि पालिकेच्या माणसांशी बोलणं चालू ठेवायचं. मानधन नाही, दंड करायचा अधिकार नाही. तरी बघता बघता अशा शेकडो समित्या उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास वरच्या पातळीवरही हालचाल सुरू होती. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरांची घाण हा देशाच्या काळजीचा विषय झाला. 1996 मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1999 मध्ये तिचा अहवाल आला आणि 2000 मध्ये घनकचऱ्याचे नियम निघाले. ते होणं फार गरजेचं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळी आठ वाजता चहाचा चोथा आणि बिस्किटाचा पुडा एकाच पिशवीत पडतो, तिथे नियम पोचत नाही. तिथे शेजारीण पोचते. गल्लीच्या समितीचं महत्त्व मला इथे दिसतं.

या समित्यांत बहुतेक करून निवृत्त शिक्षिका, बँकेतून रिटायर झालेले काका, दुपारचा वेळ काढू शकणाऱ्या गृहिणी असतात. काम दिसायला किरकोळ. दारोदार जाऊन दोन डबे ठेवायला सांगायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं, डबे एकच झाले असतील तर न चिडता पुन्हा सांगायचं. दुधाच्या पिशवीचंच बघा. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. आंबट वास मारणारी पिशवी सुक्या कचऱ्याच्या अख्ख्या गोणीचा भाव पाडते. कोपरा पूर्ण कापून टाकला तर तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. म्हणून कोपरा अर्धवट कापायचा, पिशवीला लटकता ठेवायचा. इतकी बारीक गोष्ट कुठल्याही राजपत्रात छापून येत नाही. ती जिन्यात उभं राहून, एकेका घराला सांगावी लागते.

ओल्या कचऱ्याचं खत करायच्या खड्ड्याची गोष्ट तर आणखी नाजूक. पहिला महिना उत्साहात जातो. मग कुणाच्या तरी घरच्या सणाचं उरलेलं अन्न एकदम खड्ड्यात पडतं, सुका पालापाचोळा कमी पडतो, हवा आत जात नाही आणि वास सुटतो. चिलटं येतात, अळ्या दिसतात. पहिल्या मजल्यावरून तक्रार येते की खड्डा बंद करा. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपतं. जिथे टिकतं तिथे समितीतलं कुणीतरी दुसऱ्याच दिवशी सकाळी खड्डा वरखाली करून घेतं, वाळलेल्या पानांचा जाड थर टाकतं आणि तक्रार करणाऱ्यांना बोलावून दाखवतं. ओल्याला सुक्याची जोड मिळाली की दोन-चार दिवसांत वास उतरतो आणि ढीग आतून गरम व्हायला लागतो. माणसं पटतात ती हे बघून, भाषणाने नाही.

पण या सगळ्यात एक माणूस असा आहे की ज्याच्याशिवाय समिती म्हणजे नुसती बैठक. ती म्हणजे कचरा वेचणारी बाई. 1975 मध्ये स्थापन झालेल्या स्त्रीमुक्ती संघटनेने पुढे ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम हाती घेऊन मुंबईतल्या कचरावेचक बायकांना खत करण्याचं, बायोगॅस संयंत्र चालवण्याचं शिक्षण दिलं आणि सोसायट्यांशी त्यांची गाठ घालून दिली. पुण्यात 1993 पासून कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने या कष्टकऱ्यांची संघटना बांधली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचा करार तिने महापालिकेशी केला. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही मागणी याच बायकांच्या बाजूने पुढे आली. कचरा हाताने निवडणारीला आत काय आहे ते आधी कळावं, एवढंच त्यात मागणं आहे. मला वाटतं, समितीच्या बैठकीत या कचरावेचक ताईंना खुर्ची मिळते की फक्त बोलणी खायला बोलावतात, यावरून ती समिती किती दिवस चालेल ते सांगता येतं. कुठल्या मजल्यावरचा कचरा कालवलेला येतो, कुठल्या प्लॅस्टिकला आज भाव नाही, हे ताईंइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि समित्या मोडतात कशाने? आळसाने कमी, अपमानाने जास्त. घराघरातून वेगळा करून आणलेला ओला-सुका कचरा पालिकेच्या गाडीत एकत्र टाकला जातो, खिडकीतून दहा जणी ते बघतात आणि महिनोन्‌महिन्यांची समजावणी एका सकाळी वाया जाते. हा दोष रहिवाशांचा नाही. असा कालवलेला कचरा जिथे साचत होता ते देवनारचं डम्पिंग ग्राउंड जानेवारी 2016 मध्ये पेटलं, धुराने शहर गुदमरलं, उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना परवानगी द्यायला मनाई केली. त्याच वर्षी केंद्राचे नवे नियम आले. 2017 मध्ये पालिकेने 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. जिथे आधीपासून समिती होती, तिथे जागा, माणूस आणि सवय तिन्ही तयार होतं. इतरांपैकी कित्येकांनी नोटीस आली म्हणून खत करायचं यंत्र विकत घेतलं आणि कोपऱ्यात झाकून ठेवलं. यंत्रात रोज काय पडतंय ते बघायला कुणी उतरलंच नाही.

आता या समित्यांतली माणसं सत्तरीकडे झुकली आहेत आणि त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न खरा आहे. सोसायटीच्या कार्यकारिणीत बसायला सभासद असावं लागतं, म्हणजे बहुधा घराचा मालक. भाडेकरू जोडपं, तळमजल्यावरचा किराणावाला, रात्रीचा वॉचमन यांना तिथे जागा नाही. कचरा मात्र सगळ्यांचाच. गल्लीची समिती ही स्वयंसेवकांची, ती सहकार कायद्याने बांधलेली नाही. पुढची बैठक बोलावताना भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना चिठ्ठी द्या, किराणावाल्याला बोलवा, ताईंच्या सोयीची वेळ धरा. पालिकेच्या सफाई पर्यवेक्षकालाही बोलवा आणि गाडीत ओला-सुका वेगळा कसा राहील, हा पहिलाच विषय त्याच्यापुढे ठेवा.