एकच ‘पास’, अर्थ अनेक

धाराशिव, प्रतिनिधी – दहावीचा निकाल लागला की जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘पास झाला का?’ काही दिवसांतच महाविद्यालये सुरू होतात आणि त्याच विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न विचारला जातो, ‘पास काढला का?’ पहिला पास गुणपत्रिकेवरचा, दुसरा एसटीचा. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही. खरा गोंधळ होतो तो हाच शब्द घेऊन विद्यार्थी पुन्हा इंग्रजीकडे वळतो तेव्हा.

‘पास’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘पासुस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ पाऊल. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना त्याला पाऊल टाकून पुढे जाणे, पलीकडे जाणे असा अर्थ मिळाला. परीक्षेच्या पलीकडे जाणे म्हणजे पास. डोंगराच्या पलीकडे नेणारी खिंड म्हणजेही पास. खैबरच्या खिंडीला इंग्रजीत ‘खैबर पास’ म्हणतात ते यामुळेच. पलीकडे जाण्याचा परवाना म्हणजेही पास आणि त्यातूनच पासपोर्ट. आपल्या ‘उत्तीर्ण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही तरून पलीकडे गेलेला असाच आहे. दोन वेगळ्या भाषांना परीक्षा पाहून एकच चित्र सुचावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. मराठीतील ‘पाशी’, ‘पासून’ यांचा मात्र या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही. ते ‘पार्श्व’ म्हणजे बाजू या संस्कृत शब्दावरून आले आहेत.

‘नापास’ हा शब्द तर त्याहून नवलाचा. नाराज, नापसंत, नालायक यांतील ‘ना’ हा फारसी उपसर्ग इंग्रजी शब्दाला जोडून तो तयार झाला. इंग्रजांना हा शब्द ठाऊक नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि उर्दूतून कारभार पाहिलेल्या या जिल्ह्याला असे ‘ना’ नवे नाहीत. पण ‘नापास’ साऱ्या महाराष्ट्राने आपला मानला. राज्य मंडळाने गुणपत्रिकेवरून हा शेरा काढून टाकला, त्यालाही आता काही वर्षे झाली. बोलण्यातून मात्र तो गेलेला नाही.

अडचण सुरू होते ती व्याकरणाची. मराठीत विद्यार्थी परीक्षे‘त’ पास होतो. त्यामुळे इंग्रजी लिहिताना तो ‘आय पास्ड इन द एक्झाम’ असे लिहितो. इंग्रजीत परीक्षा हे या क्रियापदाचे थेट कर्म आहे. तेथे ‘इन’ लागत नाही, ‘आय पास्ड द एक्झाम’ एवढे पुरते. विषय सांगायचा असेल तर ‘पास्ड इन इंग्लिश’ चालते आणि तेथेच विद्यार्थी फसतो. ‘पास्ड’ आणि ‘पास्ट’ यांचा उच्चार इंग्रजीत सारखाच होत असल्याने लिहिताना होणारी अदलाबदल ही आणखी एक नेहमीची चूक. ‘पास्ट’ हे मुळात ‘पास’चेच जुने भूतकालवाचक रूप, पण आज ते क्रियापद म्हणून वापरले जात नाही.

सर्वांत महागात पडू शकतो तो ‘पासआउट’. ‘मी २०१९चा पासआउट’ हे वाक्य धाराशिव, तुळजापूरपासून पुण्यातील कंपन्यांपर्यंत सर्रास ऐकू येते. भारतात त्याचा अर्थ सर्वांना कळतो. परदेशी माणसाला मात्र ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे, चक्कर येऊन पडणे असाच अर्थ प्रथम आठवतो. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडण्यालाही हे शब्द आहेत. ‘पासिंग आउट परेड’ त्यातलीच. महाविद्यालयाबाबत ‘ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘कम्प्लीटेड’ लिहिणे सुरक्षित. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात आहे. तरीही नोकरीच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत ही अडखळ होते. कारण हा शब्द परका आहे, असे कोणाला वाटतच नाही.

कार्यालयांत फाईल पास होते, कंत्राटदाराचे बिल पास होते आणि विधिमंडळातही बिल पास होते. दोन्ही बिलांचा अर्थ वेगळा, पण दोन्ही ठिकाणी इंग्रजीला हा शब्द मान्य आहे. प्रत्येक निर्णयाला मात्र तो लागत नाही. उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये घेतला. इंग्रजीत मंत्रिमंडळ प्रस्ताव ‘अप्रूव्ह’ करते. सभागृहात मताला टाकून संमत होतो तो ठराव ‘पास’ होतो. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरकत नसल्याचे कळविले, त्यालाही ‘पास’ म्हणता येणार नाही. मराठी बोलण्यात हे सारे ‘पास झाले’ एवढ्यातच भागते.

परवान्याच्या अर्थाचा पास सामान्य माणसाच्या जास्त जवळचा. एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते, तर ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. वाडीवरच्या मुलीचे तालुक्याच्या गावी शिकणे अनेकदा या एका कागदावर अवलंबून असते. तो ‘संपला’ हे मराठीत ठीक. इंग्रजीत त्याला ‘एक्स्पायर्ड’ म्हणावे लागते. तुळजाभवानीच्या दर्शनाचाही पास असतो. आणि २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता, हे कोणी विसरलेले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती अट गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आली. लॅटिनमधले ते पाऊल त्या काळात खरोखरच परवान्याशिवाय उचलता येत नव्हते.

मराठीने या शब्दाला आपले लिंगही दिले. शस्त्रक्रिया असेल तर ‘बायपास झाली’, रस्ता असेल तर ‘बायपास झाला’. एका अक्षरावरून हृदय की महामार्ग ते कळते. एसटी स्थानकावर शेंगदाणे विकणारा ‘टाइमपास’ असे ओरडतो. इंग्रजीतील ‘पासटाइम’ हा शब्दही याच दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झाला आहे, फक्त क्रम उलटा.

मोटारवाल्यांचा ‘पासिंग’ मात्र इंग्रजांसमोर न काढलेला बरा. ‘एमएच २५ पासिंगची गाडी’ म्हणजे धाराशिवला नोंदणी झालेली गाडी, हे येथील शेंबडे पोरही सांगेल. इंग्रजीत ‘पास अवे’ म्हणजे निवर्तणे आणि एखाद्याचे ‘पासिंग’ म्हणजे त्याचे निधन. ‘गाडीचे पासिंग कालच झाले,’ असे इंग्रजीत सांगितल्यास समोरचा बहुधा सांत्वनच करील.