वाहत जाण्याची दहा वर्षं

गेल्या पावसाळ्यात मालदीवहून निरोप आला, आमच्या गाइडने समुद्र सोडला. दक्षिण माले ॲटॉलमधल्या एका लहानशा बेटावरचा हा माणूस आता मालेला जाणाऱ्या फेरीच्या तिकीटखिडकीवर बसतो. का, म्हणून विचारलं तर सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत त्याने दोन कारणं दिली. रीफवर दाखवण्यासारखं फारसं उरलं नाही, आणि लोक आता ऐकून घेत नाहीत. पहिल्याला त्याच्याकडे इलाज नव्हता. दुसऱ्यात मात्र दादर, ठाणे, पुण्याहून जाणारे आपण सगळे चांगलेच वाटेकरी आहोत.

तो आम्हाला ड्रिफ्ट स्नॉर्कलिंगला न्यायचा. डोळ्यांवर मास्क, तोंडात स्नॉर्कल, पायांत फिन्स. प्रवाळांच्या भिंतीच्या एका टोकाला होडीतून उतरायचं आणि पाण्याची ओढ नेईल तसं पालथं तरंगत जायचं. हात मारायचे नाहीत, घाई करायची नाही, दुसऱ्या टोकाला होडी उचलून घेते. बेताचं पोहणाऱ्याला हे झेपतं का, असं मला अजून लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. झेपतं. फक्त ज्या जोरावर ते झेपेल असं विचारणाऱ्याला वाटत असतं, त्या जोरावर नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकते, कारण त्यात आपण जवळजवळ नव्हतोच. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ साली निघालं आणि पुढची पस्तीसेक वर्षं तो देश श्रीमंत युरोपियनांचा होता. मराठी माणसाने प्रवाळ पाहिला तो अंदमानला, तोही सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघून झाल्यावर, काचेच्या तळाच्या होडीतून, कोरड्या कपड्यांनी. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यावरून मच्छीमारांचा आणि सरकारचा वाद जुंपला तो जुंपलाच. पुढे सिंधुदुर्ग किल्ल्यालगत ट्यूबला धरून स्नॉर्कलिंग सुरू झालं. पोरं आपल्याला बांगड्याच्या पाटीसारखी ओढत नेतात आणि आपण खाली बघतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. तिथे निदान कुणी तरी आपल्याला धरलेलं असतं.

खरी मजा २०१० नंतर आली. मालदीव सरकारने लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी दिली आणि माफुशीसारख्या बेटांवर घरगुती राहण्याची सोय झाली. आमच्यासारख्या पगारदारांना परवडेल असा समुद्र पहिल्यांदाच उघडला. महापालिकेच्या तलावावर सकाळी सहाच्या बॅचला येणारा आमचा कंपू तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, दोन डॉक्टर, आणि एक काका, ज्यांनी लहानपणी विहिरीत मुटके मारले होते आणि हे आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

बेटावरच्या पहिल्या सकाळी गाइडने आम्हाला जेट्टीवर उभं केलं, वाळूतलं एक सुकं पान उचललं आणि पाण्यात टाकलं. पान निघालं तसा तोही कडेकडेने त्याच्याबरोबर चालू लागला. पान रेंगाळत होतं, तोही रेंगाळत होता. टोकापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "दीदी, आज चलेगा." दुसऱ्या एका दिवशी त्याला पानाबरोबर राहायला नीट पावलं टाकत चालावं लागलं. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो नाही, पत्ते खेळलो. काका चिडले.

त्या पानात सगळा हिशेब होता. माणूस रमतगमत चालतो तो ताशी दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण एक नॉट, सेकंदाला अर्धा मीटर. आता तलावावरचा हिशेब घ्या. पन्नास मीटरला दीड मिनिट लावणारा माणूस आपल्याकडे बरा पोहणारा समजला जातो. त्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून जेमतेम जास्त. म्हणजे एक नॉटच्या ओढीविरुद्ध त्याने जीव खाऊन हात मारले तरी तो जवळपास जागच्या जागी राहणार, आणि तेही दम संपेपर्यंत. फिन्सने थोडी भर पडते, पण पायांत गोळे येण्याचीही सोय होते. उलट नुसतं तरंगत राहिलं तर तीच ओढ पंधरा मिनिटांत साडेचारशे मीटर फुकट नेते. म्हणून वीस लॅप्स मारता येतात की चाळीस, याला तिथे फारशी किंमत नाही. ओढ कुठे नेऊन सोडणार आणि तिथे उचलायला कोण असणार, हे आधी माहीत हवं.

कुठे नेणार, हे ॲटॉलच्या घडणीवर ठरतं. बेटांचं कडं, मध्ये उथळ सरोवर, बाहेर एकदम खोल महासागर, आणि कड्याला जागोजागी फटी. या फटींना तिकडे कंदू म्हणतात. सरोवराचं बहुतेक पाणी या फटींमधूनच आत-बाहेर करतं, त्यामुळे ओढ सगळ्यात जबर तिथेच. बाहेरून आत येणारं पाणी निवळशंख असतं, आणि चुकलात तरी ते तुम्हाला सरोवरात, म्हणजे होड्या आणि बेटांच्या मध्ये आणून टाकतं. आतून बाहेर जाणारं पाणी गढूळ, आणि ते तुम्हाला थेट हिंदी महासागरात नेतं. आमचा गाइड आत येणाऱ्या पाण्यातच उतरवायचा. पाण्यात तोंड घातल्यावर पहिल्यांदा मासे बघायला सांगायचा. भिंतीच्या कडेला नारिंगी रंगाच्या बारीक माशांचे थवे असतात, ते सगळे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. मध्येच त्यांची तोंडं फिरलेली दिसली की त्याचा हात वर जायचा आणि आम्ही होडीत.

होडीसुद्धा पुढे जाऊन थांबलेली नसायची. ती आमच्या मागे-मागे, इंजिन मंद ठेवून यायची. होडीवर एक पोरगा फक्त डोकी मोजायला. हा पोरगा काही उगाच नव्हता. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका डायव्हिंग बोटीने एका अमेरिकी जोडप्याला समुद्रातच सोडून किनारा गाठला होता. ती दोघं पुन्हा सापडली नाहीत. नीट डोकी न मोजल्याचा तो परिणाम.

काकांचं भांडण लाइफ जॅकेटवरून होतं. विहिरीत मुटके मारलेल्या माणसाने जॅकेट घालायचं म्हणजे काय! आमच्या बॅचमधल्या पुरुषमंडळींना एकूणच जॅकेट म्हणजे अपमान वाटायचा. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले आणि आजही भांडेन. बेताच्या पोहणाऱ्याने उघड्या समुद्रात तरंगायचं साधन अंगावर ठेवावंच. मात्र त्याच्या भरवशावर डोकं गहाण ठेवू नये. जॅकेट बुडू देत नाही, वाहून मात्र खुशाल जाऊ देतं.

आमच्यातल्या दोन डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट लावून धरली होती, तेव्हा ती आम्हाला भित्रेपणाची वाटली. ज्याला रक्तदाब आहे, ज्याचं हृदय कधी कुरकुरलं आहे, त्याने विमानातून उतरल्या दिवशी पाण्यात जायचं नाही, आणि दम लागला तर आधी स्नॉर्कल तोंडातून काढून पाठीवर उलटं व्हायचं. पुढे २०२१ साली हवाईत झालेल्या अभ्यासाचा अहवाल आला. स्नॉर्कल करताना मेलेल्यांपैकी बरेच जण नाकातोंडात पाणी जाऊन मेलेच नव्हते. नळीतून जोर लावून श्वास ओढताना फुप्फुसांत आतूनच पाणी साचतं, रक्तातला प्राणवायू घसरतो, अंगातलं त्राण जातं, आणि माणूस हातपाय न झाडता, हाक न मारता जातो. कधी कधी पाय टेकतील इतक्या पाण्यात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मासे बघतोय. विमानप्रवासाचा यात हात असू शकतो, अशी शंका त्या अहवालातही आहे. क्वीन्सलंडमध्ये तर वयस्क आणि आजारी पर्यटकांना आधीच हेरून, वेगळ्या रंगाचं काही घालायला देऊन त्यांच्यावर नजर ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे असा वेगळा रंग दिला तर लोक कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावतील.

त्या दशकाच्या शेवटी-शेवटी सगळं फाटत गेलं. आधी प्रवाळ गेले. १९९८ च्या तापलेल्या समुद्राने मालदीवच्या उथळ प्रवाळांचा धुव्वा उडवला होता, ते कुठे सावरत होते तोवर २०१६ उजाडलं आणि पाहणीत साठ टक्के प्रवाळ पांढरे पडलेले निघाले. फांद्यांसारखे वाढणारे आधी गेले. जिथे निळी टोकं दिसायची तिथे पुढच्या फेरीला शेवाळलेला करड्या काटक्यांचा खच होता. भिंत तीच, ओढ तीच, जोखीम तीच, खाली मात्र राडारोडा. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली तेव्हा मला नवल वाटलं नाही, नुसता राग आला.

आणि मग आपण लोंढ्याने आलो. त्या दशकाच्या शेवटीच नात्यातल्या मंडळींबरोबर मी एका पर्यटन कंपनीच्या सहलीत गेले. बोटीवर फॉर्म फिरला, कशावर सह्या केल्या ते कुणी वाचलं नाही. सूचना तीन मिनिटांच्या, त्यातली दोन फोटोच्या पॅकेजबद्दल. पान नाही, मासे नाहीत. वीसेक माणसं, गाइड दोन, आणि होडी पुढच्या टोकाला जाऊन दुसऱ्या होडीशी गप्पा मारत उभी. आमच्यातली एक चांगली पोहणारी मुलगी कासव दिसलं म्हणून उलटी फिरली आणि ओढीविरुद्ध हात मारू लागली. तलावावर जिचं कौतुक व्हायचं ती दोन-तीन मिनिटांत पांढरीफटक पडली. मास्कमध्ये पाणी, स्नॉर्कल तोंडातून निसटलेला, आणि होडी ओरडलेलं ऐकू येणार नाही इतक्या लांब. तिला मी धरलं म्हणजे काय केलं, तर पाठीवर उलटं केलं आणि दोघी वाहत गेलो, जिकडे पाणी नेईल तिकडे. होडीपाशी पोचलोच, कारण पाणी तिकडेच जात होतं. संध्याकाळी मी व्यवस्थापकाला होडी मागे का नव्हती असं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळे सुखरूप आहेत ना? मग?"

त्या "मग?"वरच आता हा धंदा उभा आहे. मालदीवने १५ जुलै २०२० ला सीमा उघडल्या, सिनेमातली मंडळी पोचली, आणि २०२० ते २०२३ अशी चार वर्षं पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर राहिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांतलं राजकारण तापलं आणि तेच लोक लक्षद्वीपची तिकिटं शोधू लागले. समुद्र बदलला, सवयी त्याच. इकडे तारकर्लीला मे २०२२ मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले, चार दिवस चौकशीच्या बातम्या आल्या, पाचव्या दिवशी रिळं सुरू.

वाईट याचं वाटतं की पाण्याचं हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असं नाही. धरमतर ते गेटवे हे छत्तीस किलोमीटर पोहणारी पोरं भरती-ओहोटीचं गणित मांडल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाहीत. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. अष्टमीला सहा, असं ते बोटांवर सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ दांडगी. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ. मालदीवची भरती कोकणाच्या मानाने बुटकी, पण कंदूच्या चिंचोळ्या फटीत तीही चांगलीच जोर धरते.

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, मी वीस लॅप्स मारते. ड्रिफ्टला जाऊ ना?" जा म्हटलं. जॅकेट घाल, पहिल्या दिवशी बेटालगतच्या उथळ पाण्यात मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायची सवय कर, आत येणाऱ्या पाण्यातच उतर, होडी मागे येणार का ते पैसे देण्याआधी विचार, आणि तारखा कुठल्या आहेत ते सांग. तिकिटं काढून झाली होती. पंचांग बघितलं तर पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा. मग कंदू अगदी शेवटी ठेव, म्हटलं.

"शेवटच्या दिवशी मालेत शॉपिंग आहे गं मावशी."