खोटी पहाट आणि आकाशातील धूळ

बारामती-इंदापूर भागात कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली, की दारं धरायला मध्यरात्रीच उसात उतरावं लागतं. भाद्रपद-आश्विनात, अमावास्येच्या सुमारास, असा एखादा कळंबचा शेतकरी तांबडं फुटायच्या आधी पूर्वेकडे पाहील, तर क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेडाचा सुळका त्याला दिसेल. उजाडलंसं वाटतं, पण उजाडत नाही! मुसलमान बांधवांत यास 'सुबह काजिब', म्हणजे खोटी पहाट, असं जुनं नाव आहे. खगोलशास्त्रात याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. माघ-फाल्गुनात तोच संध्याकाळी पश्चिमेला दिसतो.

हा प्रकाश आहे तरी कशाचा? धुळीचा. माजघरात कवडसा पडला की त्यातले कण चमकतात ना, तसंच हे. पॅरिस येथे कॅसिनी या ज्योतिर्विदाने 1683 साली याची निरीक्षणे केली आणि सूर्याभोवतीच्या सूक्ष्म कणांचा हा उजेड असावा असं अनुमान काढलं.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लाखो लघुग्रह फिरतात. ते एकमेकांवर आदळतात, फुटतात. तुकडे पुन्हा आदळतात. जात्यात पीठ पडावं तशी धूळ पडते. 1983 साली एका अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाला या धुळीचे पट्टेच आढळले. व्हेरिटास नावाचं लघुग्रहांचं एक कुटुंब सुमारे 83 लाख वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह फुटून झालं. गंमत अशी, की त्याच सुमारास समुद्रतळाशी साचलेल्या गाळात अंतराळातल्या धुळीबरोबर येणारा हेलियम-3 वायू एकदम वाढलेला सापडतो.

पण तिकडची धूळ इकडे येते कशी? वारा नव्हे, सूर्यप्रकाशच तिला आणतो. पाऊस सरळ पडत असला तरी सायकलवाल्याला तो समोरून झोडपतो. तसाच धावत्या कणाला सूर्यप्रकाश किंचित समोरून लागतो. कणाचा जोर हळूहळू मोडतो आणि त्याची कक्षा आत आत आवळत जाते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाला या प्रवासात सूर्यापर्यंत पोहोचायला लाखभर वर्षं लागतात. त्याहून फार बारीक कण मात्र उफणणीतल्या भुशासारखे बाहेर उडून जातात. मोठ्या धोंड्याला याची फारशी दादच नसते.

सूर्यमालेचं वय साडेचारशे कोटी वर्षांचं. तेव्हा आज दिसणारी धूळ जुनी असणं शक्य नाही; ती सारखी नव्याने पडत असली पाहिजे. कोण पाडतं? पूर्वी लघुग्रहांना मोठा वाटा देत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या गणिताप्रमाणे बहुतेक धूळ गुरूच्या ओढीत सापडलेल्या धूमकेतूंची निघते. मला हे गणित पटण्यासारखं वाटतं, पण वाद मिटलेला नाही.

शिक्षकबंधूंना एक सूचना. छपरावरच्या मातीत लोहचुंबक फिरवून मिळालेले काळे कण 'आकाशातले' म्हणून मुलांना दाखवू नयेत. त्यांतले बहुतेक इथलेच असतात. त्यापेक्षा मुलांना ही खोटी पहाटच दाखवावी. वालचंदनगरच्या दिव्यांपासून दूर, पूर्वेला मोकळं रान असेल तिथे जावं. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर बॅटरी नको, आणि मोबाईलही खिशातच असू द्यावा.